मोटारीच्या टपातली लोकर

२२ जानेवारी १९७३, सोमवार

शाळेतून आले तर दारात मोटार! लालासाहेब भाऊजींची. म्हणजे माझ्या चुलत दिरांची, मुंबईहून आणलेली ती जुनी जर्मन गाडी. हिच्या टपाला खिडकी आहे. आत बसून छोटा दांडा फिरवला की टपाचा पत्रा मागे सरकतो आणि डोक्यावर आभाळ. म्हणजे सरकायचा.

गेल्या आठवड्यात पालीच्या यात्रेत भाऊजींनी टप उघडा ठेवून गाडी गर्दीत घातली. खंडोबाचं लग्न, लोकांनी ओंजळी भरभरून भंडारा उधळला. हळद, खोबरं, सगळं टपाच्या खाचेत! घरी आल्यावर हुकूम — “देवाचा भंडारा हाय, झाडू लावायचा न्हाई.” मग शहाण्यांनी काय करावं? सरकायला सोपं जावं म्हणून खाचेत तिळाचं तेल ओतलं! चार दिवसांत त्याचा लगदा, आणि लगद्याचा दगड. भाऊजींनी दांडा जोर लावून फिरवला आणि आत काहीतरी तुटलं. आता टप अर्धा उघडा, मागेही जात नाही नि पुढेही येत नाही. धूळ थेट डोक्यात.

गाडी आमच्या दारात आणली ती यांना दाखवायला. हे मिलिटरीत गाड्याच दुरुस्त करायचे ना.

यांनी पाहिलीसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर उजवा पाय गेला, गुडघ्याच्या वर. दवाखान्यातून घरी आले त्याला आठ महिने झाले. आठ महिन्यांत उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. (काय लिहिलं मी हे! असू दे, खोडत नाही.)

पुण्याच्या लष्करी दवाखान्याचं पत्र उशीखाली आहे. १२ फेब्रुवारीला हजर राहा, पाय बसवून देऊ. आता नाही गेलं तर नंबर दुसऱ्याला. “न्हाई जायाचं,” एवढंच. तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं तर ताट बाजूला सारलं.

२३ जानेवारी

बोलले नाहीत. मीही नाही. बघू कोण आधी थकतं!

२४ जानेवारी, बुधवार

भाऊजी ओसरीवर सासूबाईंशी बोलत होते. साताऱ्याचा एक मिस्त्री म्हणतो, वरून पत्रा ठेवून वेल्डिंग मारतो, कायमची कटकट जाईल. आतल्या खोलीतून एकदम आवाज आला — “काय मारतो?”

भाऊजींनी परत सांगितलं.

“वेल्डिंग? आरं लाला, ती काय पान्याची टाकी हाय व्हय? कुबड्या कुटं हायत्या माज्या?”

कुबड्या माळ्यावर! मीच ठेवल्या होत्या, कोळिष्टकं धरलेल्या. पदरानंच पुसून दिल्या. हे उठले, ओसरी उतरले, अंगण ओलांडलं. मदतीला कोणी हात केला की खेकसायचे. गाडीत शिरले, पुढची सीट मागे पाडली आणि उताणे पडले. वर बघत. तासभर!

आणि मला आत्ता सुचतंय — हे कामच उताणं पडून करायचं आहे. ज्या पडण्याला मी आठ महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या, तेच!

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन उरकून धावत घरी. यांनी टपाचं आतलं अस्तर उतरवून ठेवलं होतं, घडी घालून. मला म्हणाले, “ये, बघ.” गाडीत शिरले, यांच्या शेजारी मान वर करून बसले.

काय सांगू! बाहेरून दिसतो तो नुसता पत्रा. आत दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीच्या खाचा, प्रत्येक खाचेत एक लांब तार, आणि त्या तारेवर दुसरी तार गुंडाळलेली, स्क्रूला आटे असतात तशी. दांडा फिरवला की सुपारीएवढं दातेरी चाक फिरतं, त्याचे दात त्या आट्यांत अडकतात आणि तार पुढे सरकते. दोरीनं ओढता येतं, ढकलता येत नाही — हे मी तिसरीच्या पोरांना शिकवते. इथं दोरी ढकलते! वळणावरून ढकलते! आणि अख्खा टप निमूट तिच्या मागे जातो. कुणाच्या डोक्यात आलं असेल हे? मी किती वेळ तोंड उघडं टाकून बसले होते कोण जाणे. हे बघत होते. टपाकडे नाही, माझ्याकडे.

दिवसभर रॉकेल आणि सुईनं हळदीचा दगड खरवडला. सासूबाई खाली वाटी धरून बसलेल्या. “भंडारा हाय, मातीत पडू द्यायचा न्हाई.” तो भंडारा ग्रीसनं काळाकुट्ट! तरी बोट बुडवून यांच्या कपाळाला लावला. हे हसले नाहीत, पण पुसलाही नाही.

२८ जानेवारी, रविवार

डाव्या बाजूची तार मधोमध तुटली आहे, वरचे आटे उसवून गोळा झालेत. भाऊजींनी मुंबईला फोन लावला. नवी तार जर्मनीहून मागवावी लागेल, सहा महिने, तेही आली तर.

हे परत खोलीत. परत भिंत. आणि मी मूर्ख, दोन दिवसांत केवढे इमले बांधले होते!

३० जानेवारी, मंगळवार

आज धुळा धनगर आला. कवठे महांकाळकडचा. तिकडे यंदा प्यायला पाणी नाही, मग मेंढरांना कुठलं? त्याचा कळप भाऊजींच्या रानात बसवलाय, मेंढरं बसली की रानाला खत होतं. ताक मागायला दारात आला. एका हातात गाडगं आणि दुसऱ्या हातात चाती, चालता चालता लोकर कातत. ती चाती गिरगिर फिरत असते आणि हा आपला गप्पा मारत असतो, तिच्याकडे बघतही नाही.

ओसरीवर ती तुटकी तार पडलेली. उचलली, डोळ्याजवळ नेली, आट्यांच्या मधून नखानं काहीतरी उकरलं.

“बाई, जरा इस्तू द्या.”

चुलीतलं जळकं लाकूड दिलं. त्यानं ती काळी कस्पटं धरली. चुरचुरली. जळक्या केसांचा वास!

“लोकर हाय ही,” धुळा म्हणाला. “ह्या तारंत लोकर भरल्याली हाय.”

आतून आवाज — “कायऽ?”

हे आले. कुबड्या घेऊन स्वतः आले. चांगली होती ती उजवी तार काढून आणली, तिघंजण डोकी जुळवून बसलो. खरंच! प्रत्येक दोन आट्यांच्या मध्ये लोकरीचा बारीक धागा गुंडाळलेला. आटे सारख्या अंतरावर राहावेत, तार खाचेत खडखडू नये म्हणून. हे दोन दिवस त्याला चिंधीची घाण समजत होते.

“जर्मनीत बी मेंढरं हायती म्हना की,” धुळा म्हणाला. आणि त्या तारेला हात लावून कपाळाला लावला. कुठली जर्मनी, कुठलं कवठे महांकाळ! माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेला नाही.

३१ जानेवारी

हे म्हणतात, तार आपणच गुंडाळायची. आतली तार बुलेटच्या क्लचची चालेल. वरच्या आट्यांना मात्र पोलादी हवी, बारीक आणि चिवट. कुठं मिळणार? मी म्हटलं, सतारीची! मला पाहिलं असं, जणू मी आजच या घरात आले.

४ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच्या एस.टी.नं सांगली, तिथून मिरज. सांगलीच्या स्टँडपर्यंत हळदीचा वास येत होता, आणि मला एकटीलाच हसू. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरानं विचारलं, “कशासाठी, सतार का तंबोरा?” म्हटलं, “मोटार.” चष्मा काढून बघितलं मला! सगळं सांगितलं तेव्हा जाडातली तार स्वतः निवडून दिली, वर चार हात जास्त. म्हणाले, “बसली की कळवा.”

६ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेतून आले तेव्हा धुळा आणि हे अंगणात समोरासमोर. धुळा दोर वळताना टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतो, तार तशीच ताणून धरायची होती. त्यानं टोक यांच्यापुढे केलं.

“आंगट्याला अडकवा, हवालदार.”

यांचे हात थांबले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. पायाचं नाव या घरात कोणी काढत नाही. सासूबाई नाही, भाऊजी नाही, मी तर नाहीच. आम्ही सगळे जिभेला कुलूप लावून जगतोय.

“एकच राह्यलाय,” हे म्हणाले.

“मग? एकच लागतोय की.”

एवढंच. धुळा तारेकडे बघत होता. त्याला खरोखरच दुसरा लागत नव्हता! यांनी डावा अंगठा पुढे केला, त्याला टोक बांधलं, आणि पोलादी तार नि लोकरीचा धागा शेजारी शेजारी गुंडाळायला लागले. एक आटा, शेजारी धागा, एक आटा. धुळाच्या चातीतून धागा येत होता, यांच्या बोटांतून तार. मी भाकऱ्या टाकायच्या विसरले. कोणी मागितल्याही नाहीत.

८ फेब्रुवारी

दोन दिवसांची मेहनत फुकट. पीळ उलटा! धुळा घोंगडीच्या सुताला जसा पीळ देतो त्याच बाजूनं हातांनी नेलं, आणि दातेरी चाकात तार बसेचना. आता हे चिडणार, फेकणार — मी डोळे मिटले. तर हे हसत होते! धुळाच्या पाठीत थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “गड्या, घोंगडी झाली की रं मोटारीची!”

वर्षभरात ऐकला नव्हता हा आवाज. स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

दुसरी तार बसली!

सकाळी नऊला. भाऊजी, सासूबाई, धुळा, मी, सगळे गाडीभोवती. यांनी आत पडून दांडा फिरवला. मला वाटलं खडखडाट होईल. काहीच नाही. नुसता कापड ओढल्यासारखा आवाज, आणि टप सरकला. मिटला. परत उघडला. मी दहा वेळा फिरवायला लावला. सासूबाई हात जोडून उभ्या. मीही जोडले, कुणाला ते माहीत नाही.

“चल लाला, हायवेपतुर,” हे म्हणाले. मी आणि सासूबाई मागे. हे भाऊजींच्या शेजारी. उंब्रजच्या स्टँडजवळ आल्यावर म्हणाले, “थांब जरा.” टप पुरा उघडला. दोन्ही हातांनी कडा धरल्या, डावा पाय सीटवर रोवला, आणि उठले. वर. छातीपर्यंत टपाच्या बाहेर!

स्टँडवर शनिवारची गर्दी. पानवाला, भाजीवाल्या, एस.टी.ची वाट बघणारे. आठ महिने ज्यांना “बरं नाही” सांगून मी दारातूनच परत पाठवत होते, ती सगळी माणसं. सगळ्यांच्या माना वर. मग कुणीतरी ओरडलं, “जोतिबा! आवं, जोतिबा हवालदार!”

यांनी एक हात सोडून सलाम ठोकला. मला आतून फक्त एक पाय दिसत होता, सीटवर घट्ट, शिरा तटतटलेला. गाडी नेहमीच्या वेगानं निघाली तरी हे उभेच. मी त्या पायाकडे बघत बसले. एवढा भक्कम पाय मी जन्मात पाहिला नाही.

घरी आल्यावर उशीखालचं पत्र काढून भाऊजींना दिलं. “सोमवारी सकाळी. ह्याच गाडीनं.”

१२ फेब्रुवारी, सोमवार

गेले. सोबत पुण्याला भाऊजी आहेत. मला रजा नाही. टप उघडा ठेवून गेले, शहाणे!

३ मार्च, शनिवार

पुण्याहून कार्ड. पाय बसला. पण हे घरी येत नाहीत. गुडघ्याच्या बिजागरीत यांनी एवढं डोकं घातलं की तिथल्या वर्कशॉपमध्ये कामालाच ठेवून घेतलंय, दुसऱ्यांचे पाय जुळवायला. खोली बघितली आहे, जवळ शाळाही आहे, बदलीचा अर्ज कर म्हणतात.

लग्नाला नऊ वर्षं झाली. पठाणकोट, तेजपूर, जोधपूर — यांची ढीगभर पत्रं ट्रंकेत आहेत, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ, ‘मी येतो.’ मी वाट बघायची. आजच्या कार्डाच्या शेवटी पहिल्यांदाच लिहिलंय — ‘तू ये.’