बासचं खोकं

१ जानेवारी
नवं वर्ष, नवी वही. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.

संकल्प : रोज अर्धा तास बास गिटारचा सराव, ठोके देणारा मेट्रोनोम लावून. गोड कमी. तुइरेशी वाद घालायचा नाही, विशेषतः तिचं बरोबर असताना. (बायकोचं बहुधा बरोबरच असतं, म्हणून हा संकल्प अवघड.)

मुख्य संकल्प : जबरदस्त अ‍ॅम्प आणि तेवढंच जबरदस्त स्पीकर कॅबिनेट. कारण असं, की नाताळच्या पार्टीत साइला सगळ्यांदेखत म्हणाली, वेइयो, तू मधेच वाजवायचा थांबलास तरी आम्हाला पत्ता लागत नाही. साइला म्हणजे आमच्या बँडची गिटार आणि गळा. ड्रमवर ताइस्तो. बासवर मी. बँडचं नाव 'काळी दलदल'. संगीत इतकं जड आणि संथ की एक गाणं संपेपर्यंत कपातली कॉफी गार होते. पंधरा मार्चला पिएलिनेन तळ्यावर, बर्फावरच्या मासेमारीच्या स्पर्धेत आमचा कार्यक्रम आहे. तोपर्यंत बासचं काही जमलं नाही तर ती आणि ताइस्तो दोघंच वाजवणार. हल्ली दोघांचेच बँड असतात म्हणे.

मी हसून सोडून दिलं. घरी येताना मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. हा बँड गेला तर मी नुर्मेस गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू कुठल्या रांगेत आहेत ते सांगणारा माणूस. बाकी काही नाही.

पण प्रश्न सोपा आहे. मी ऐकू येत नाही, म्हणजे आवाज कमी पडतो. म्हणजे वॉट वाढवायचे.

२ जानेवारी, गुरुवार
दुपारी दर गुरुवारचं वाटाण्याचं सूप. संध्याकाळी तालीम, नेहमीप्रमाणे आमच्या इमारतीच्या तळघरातल्या बॉम्बनिवाऱ्यात. साइलाला सांगितलं की वॉट वाढवतोय. ती म्हणाली, प्रश्न वॉटचा नाही, तालाचा आहे, तू दर वेळी एक ठोका मागे असतोस. हाही एक दृष्टिकोन झाला. पण आवाज लहान असला की पोचायला उशीर होणारच.

सराव केला नाही. सूप जड झालं होतं.

६ जानेवारी
सुट्टी. दिवसभर अ‍ॅम्पवर संशोधन. दोन पंथ आहेत. एक, हलका ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प, एका हातात मावणारा. दोन, व्हॉल्व्हचा, आजोबांच्या रेडिओसारखा तापणारा, दोन माणसांनी उचलायचा. ताइस्तोला विचारलं. तो म्हणाला, लहान घे, सोबत दहा इंची दोन स्पीकरचं खोकं घे, बर्फावरून ओढायचंय. ताइस्तो भला माणूस आहे. पण ड्रमवाल्याला काय कळणार. जड संगीत हलक्या डब्यातून कसं निघेल?

११ जानेवारी
योएन्सू शहरात जाऊन व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आणला. सेकंडहँड, पण तब्येत उत्तम. त्या माणसाला पैसे नको होते, बोटीचं इंजिन हवं होतं. दिलं. तळं मेपर्यंत गोठलेलंच असतं, इंजिनचं आत्ता काय काम?

तुइरेनं विचारलं, मग उन्हाळ्यात बेटावरच्या झोपडीत जायचं कसं. मी म्हटलं, वल्हवत, तब्येतीला चांगलं. ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे होकार, इथे सगळे असंच धरतात.

१६ जानेवारी, गुरुवार
अ‍ॅम्प आहे, पण त्याला साजेसं कॅबिनेट नाही. जुन्या खोक्याला जोडायचं धाडस केलं नाही, जळेल. म्हणून तालमीत मी नुसता बसलो. हातात बास धरून, आवाजाशिवाय बोटं चालवत. तालीम झाल्यावर साइला म्हणाली की आज फार छान झाली.

टोमणा असावा. ताइस्तोही म्हणाला, छान झाली. ताइस्तो टोमणे मारत नाही, म्हणजे माझीच ऐकण्यात चूक झाली असावी.

सराव : कॅबिनेट येईपर्यंत अर्थ नाही. चुकीच्या आवाजावर बोटांना वाईट सवयी लागतात.

१९ जानेवारी
कॅबिनेट. इथे खरी परीक्षा. बहुतेकांची उडी दहा इंची आठ स्पीकरपर्यंत जाते. पंधरा इंचीवाले त्यांना नाक मुरडतात, म्हणतात छातीत धक्का बसतो पण पोटात काही होत नाही. मी शांतपणे विचार केला आणि दोन्ही बाजूंचा मान राखला. वर दहा इंची आठ, खाली पंधरा इंची दोन. असं कॅबिनेट बाजारात मिळत नाही. का मिळत नाही, याचं आश्चर्य वाटतं.

स्वतः बनवणार. दुकानात उत्तम बर्चचं प्लायवूड पडलंय. स्पीकर टपालानं मागवले.

२५ जानेवारी
दिवाणखान्यात करवत लावलीस तर मी माहेरी जाईन, असं तुइरे म्हणाली. म्हणून खोकं निवाऱ्यातच बनवायचं. तिथे जागा आहे, वीज आहे, शांतता आहे.

केर्तूबाईंना परवानगी विचारली. त्या आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष, बहात्तरीच्या, निवाऱ्याच्या किल्ल्या त्यांच्या गळ्यात. त्यांनी विचारलं, बाहेर कसं काढशील ते बघितलंस ना? मी त्यांना कायदाच ऐकवला. सरकारचा हुकूम आला की निवाऱ्यातलं सगळं सामान तीन दिवसांत बाहेर काढावं लागतं, सायकली असोत, स्की असोत, काही असो. ज्या अर्थी काढावंच लागतं, त्या अर्थी ते निघतंच. केर्तूबाईंनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग गळ्यातली किल्ली काढून दिली. पटलं असावं.

२ फेब्रुवारी
काम जोरात. खोकं जितकं खोल तितका आवाज जाड, म्हणून सगळीकडून थोडं थोडं वाढवलं. स्क्रूसोबत गोंदही लावला, दुकानातला सगळ्यात पक्का. एकदा चिकटलं की लाकूड फाटेल पण जोड सुटणार नाही, असं मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. आज कळलं की ते खरं आहे. डावा मोजा अजून खोक्याला आहे.

९ फेब्रुवारी
झालं. समोर उभा राहून बघतच राहिलो. माझ्यापेक्षा थोडंसं बुटकं आहे, फार नाही. काळा रंग दिला. तुइरेला ते बघायला खाली बोलावलं. ती म्हणाली, यात झोपायची सोय केलीस का, पुढेमागे लागेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सूप. मग तो क्षण. व्हॉल्व्ह तापले. सगळ्यात खालची तार छेडली.

काय लिहू. पायाखाली जमीन आहे की नाही, असं झालं. विलक्षण गोष्ट म्हणजे मी उभा होतो त्या कोपऱ्यात फारसं ऐकू येईना, पण दाराशी ताइस्तोची टोपी डोक्यावरून सरकली. दोष काँक्रीटचा. निवारा बॉम्बसाठी बांधलाय, संगीतासाठी नाही.

दुसऱ्या गाण्यात केर्तूबाई टॉवेल गुंडाळून खाली आल्या. वर सॉना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली आहे आणि आज त्यांचा नंबर होता. सॉनातल्या बादलीत लाटा उठल्या म्हणे. त्या म्हणाल्या, वेइयो, माणूस सॉनात शांत व्हायला जातो, भूकंप अनुभवायला नाही. बारा वर्षांत माझ्या वादनाला मिळालेली ही पहिली प्रामाणिक दाद.

साइला कानातला कापूस काढून म्हणाली, आता ऐकू येतं. मी खूश झालो. मग म्हणाली, आता तू किती मागे आहेस तेही ऐकू येतं. मी वायर गुंडाळायला लागलो. मनातून मात्र हललो.

१४ फेब्रुवारी
मेट्रोनोम शोधला. बॅटरी संपली आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आवाज अर्ध्यावर ठेवायची अट केर्तूबाईंनी घातली. अर्ध्यावर व्हॉल्व्हचा आवाज मोकळा होत नाही. साइलाला म्हटलं की तळ्यावर, मोकळ्या हवेत, खरं काय ते कळेल. तिनं विचारलं, सराव करतोस ना? मी म्हटलं, मानसिक तयारी चालू आहे. ती तार जुळवायला लागली. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं, असं मला वाटलं. ताइस्तोनं मला अर्धा केक दिला. तो उगाच कोणाला केक देत नाही.

२ मार्च
नव्या बॅटरीवर मेट्रोनोम लावून बसलो. तो बिघडला आहे. दर ठोक्याला थोडा पुढे पळतो.

१३ मार्च, गुरुवार
शेवटची तालीम. बरी झाली. साइला म्हणाली, वेइयो, मनापासून सांगते, शनिवारी तू असावास असं मला वाटतं, फक्त ऐक आणि वाजव, एवढंच. मला भरून आलं. घरी येऊन तुइरेला सांगितलं. तीही म्हणाली, मग ऐक की.

उद्या खोकं बाहेर काढून ट्रकवर चढवायचं.

१४ मार्च, दुपार
दारातून जात नाही.

निवाऱ्याचं दार पोलादी, अरुंद, खाली उंच उंबरा. रुंदीकडून चार बोटं जास्त. खोलीकडून तीन. तिरकं करून बघितलं. उलटं करून बघितलं. ताइस्तोनं एका बाजूनं ढकललं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि काही वेळानं लक्षात आलं की आम्ही एकमेकांविरुद्ध ढकलतोय. आणीबाणीची खिडकी आहे, पण तिच्यातून माणूससुद्धा पोटावर सरपटत जातो.

मी दुकानात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आधी दार मोजा. वॉशिंग मशीनवाल्यांना सांगतो. कपाटवाल्यांना सांगतो.

तुइरे म्हणाली, काप. करवत लावली. पण लाकूड कापत गेलं की स्पीकरच्या कडा येतात, आणि जोड तर माझाच गोंद. हात चालेना. खाली बसलो. मला काय करावं खरंच कळेना.

१४ मार्च, संध्याकाळ
केर्तूबाई येऊन बघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून टेप काढून माप घेतलं आणि म्हणाल्या, कायद्यानं हे तीन दिवसांत बाहेर जायला हवं, जात नाही, म्हणजे हे निवाऱ्याचंच सामान धरावं लागेल. आत संडासाला आडोसा हवाच होता. स्पीकर काढ, मागून दार लाव. दहा भोकं आहेत, हवाही खेळती राहील.

मग ताइस्तोचा फोन. त्याच्या भावाकडे लहान अ‍ॅम्प आहे, दहा इंची दोन स्पीकरचं खोकंही आहे, दोन्ही गाडीत टाकलंय, सकाळी नऊला तळ्यावर ये. मी त्याला सांगितलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे, लहान डब्यातून मी वाजवणार नाही.  तो म्हणाला, बरं. मग साइला फोनवर आली आणि गप्प राहिली. मी म्हटलं, हॅलो. ती म्हणाली, आहे मी, वेइयो. पुन्हा गप्प. या वेळी तो होकार नव्हता, एवढं मलाही कळलं.

फोन ठेवल्यावर लगेच वाटलं, परत करावा. हातात धरून बसलो. तुइरे म्हणाली, कर ना. मी म्हटलं, ते करतील. त्यांनी नाही केला.

१५ मार्च
जाणार नव्हतो. गेलो. माशांसाठी.

थंडी कडक, ऊन लख्ख. स्टेजपासून लांब, शंभरेक माणसांच्या पलीकडे बर्फात भोक पाडून बसलो, पाठ फिरवून. सॉसेज खाल्लं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, तू त्या बँडमधला ना? मी म्हटलं, आज सुट्टी आहे.

मग ती दोघं सुरू झाली. साइलाची गिटार बर्फावरून सरपटत आली. ताइस्तोचा ठोका बुटांच्या तळव्यांत लागला. पहिलं गाणं आमचं सगळ्यात जुनं. म्हाताऱ्यानं गळ बाजूला ठेवला आणि ऐकत बसला. मी डोळे मिटले, मान आपोआप डोलायला लागली. दुसऱ्या कडव्याला तर अंगावर काटा आला. मनात म्हटलं, वा, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा बास कसा अगदी तालात आहे.

मग आठवलं, बास मी वाजवतो.