बिनआवाजाची झडप

९ जानेवारी, गुरुवार
हट्टा गावातल्या माझ्या शाळेच्या चार पायऱ्या – चारच! – चढले आणि भिंत धरून उभी राहिले. खिचडी शिजवणाऱ्या कमलबाई म्हणाल्या, "मॅडम, बसा की. तोंड पांढरं पडलंय." सात वर्षांपूर्वी हृदयात नवी झडप बसवली, तेव्हा आबा म्हणाले होते, "आता जन्माची काळजी मिटली."

१३ जानेवारी, सोमवार
नांदेडला दाखवलं. झडप कडक झालीय. जनावराच्या हृदयाभोवतीच्या पडद्यापासून केलेली होती. शरीर म्हणे परकी वस्तू विसरत नाही, हळूहळू तिच्यावर कॅल्शियम चढवत राहतं. वय जितकं तरुण, तितकं लवकर. हाडांना द्यायचं सोडून झडपेला चुना फासत बसलं! माझंच शरीर मला फितूर.
आता दुसरं ऑपरेशन.
डॉक्टर म्हणाले, "धातूची जास्त टिकली असती. फक्त रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. हे तेव्हाच सांगितलं होतं."
मला? कोणी?
त्यांनी जुनी फाईल पुढे सरकवली. 'दोन्ही प्रकार समजावले. नातेवाइकांनी जनावराच्या पडद्याची निवडली.' खाली सही – माणिकराव. माझे आबा.

१४ जानेवारी, संक्रांत
आबा सेनगावहून तिळगुळाचा डबा घेऊन आले. मी सरळच विचारलं, काहून?
"धातूची टिकटिक वाजती म्हणले. पावणे बघाया आल्यावर शेजारी बसलेल्या बायांला ऐकू आलं असतं. कोणी केली असती तुला?"
ऑपरेशन लपवलं नव्हतं. छातीवरचा व्रण सांगूनच लग्न झालं. फक्त आवाज नको होता! चोवीस वर्षांची, बी.एड. झालेली लेक शेजारच्या खाटेवर जागी होती. तिला विचारावं, एवढंही सुचलं नाही.
म्हटलं, "या ऑपरेशनला येऊ नका." आबांनी डबा उचलला, परत ठेवला आणि गेले.
विश्वजीत माझ्या बाजूनं आहेत. "मला विचारलं असतं तर म्हटलं असतं, भिंतीवरचं घड्याळ बसवा!" लग्नाला सहा वर्षं झाली, नवरा अजून हसवतो. एवढं तरी नशीब.

४ फेब्रुवारी, मंगळवार
धातूचीच. सही माझी.

२० फेब्रुवारी, गुरुवार
टिक. टिक. शांत बसलं की जास्त ऐकू येतं.
आबांचे तीन फोन. उचलले नाहीत.

१६ मार्च, रविवार
वसमतला घरी येऊन पंधरा दिवस झाले. या झडपेलाही शरीर परकीच समजतं, रक्ताची गुठळी धरायला बघतं. म्हणून गोळी, सारखी रक्ततपासणी, गोळीचा जोर उतरू नये म्हणून मेथी-पालकसुद्धा मापात. चालेल. दोन जिने चढले आज, न थांबता!
विश्वजीत टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात हल्ली.

२३ मार्च, रविवार
विश्वजीतनं आपली गादी पुढच्या खोलीत नेली. "तुझ्या टिकटिकीनं डोळाच लागत नाही." माझ्याकडे न बघता.
आबांनी हे सात वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.
त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला तसा फोन छातीवर धरला. बऱ्याच वेळानं कानाला लावला, तर म्हणत होते, "ऐकू येऊन राहिलं, बाई. बराबर चाललंय."