धुराच्या दिवसांचे सेरोटोनिन

प्रति,
मा. संचालक,
चेतापेशी संशोधन संस्था, अल्माटी.

विषय : सूक्ष्म संवेदकाचा अहवाल निधी देणाऱ्या आयोगाकडे पाठवणे दोन आठवडे थांबवण्याबाबत.
संदर्भ : अहवालावर सही करण्याची उपसंचालक श्री. दास्तान बेकेनुली यांची दि. १९ फेब्रुवारीची सूचना.

महोदय,

जिवंत चेतापेशींतील सेरोटोनिन मोजणारी कार्बनची सूक्ष्म सुई मी आठ महिने घडवते आहे. येत्या शुक्रवारी माझ्या सहीने जाणारे आकडे इतर प्रयोगशाळांच्या दहापट आहेत. म्हणूनच मला त्यांचा संशय आला.

१. मोठे आकडे फक्त सोमवारी व गुरुवारी येतात. त्याच दिवशी सफाई करणाऱ्या बाल्झान आपा, फ्लू आणि दृष्ट दोन्ही जावीत म्हणून, तव्यावर आद्रास्पान (हरमल) ही रानवनस्पती जाळून खोल्यांना धूर देतात. त्याच्या बियांत सेरोटोनिन मोडू न देणारे द्रव्य असते. मोजताना पेशींची बशी उघडी असते. धुरानेच हे घडते असे मी सिद्ध केलेले नाही. घडत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

२. मी धूर थांबवायला सांगितल्यावर आपा म्हणाल्या, "झाउरेश, पोरी, उद्या सगळे शिंकत बसले की नाव माझंच घेशील ना? आणि तुझे दास्तान साहेबच म्हणाले, आपा, हे दोन दिवस चुकवू नका."

३. मोजणीचे वार श्री. दास्तान यांनीच ठरवले आहेत. मी विचारले तेव्हा ते हसले, "बाई, आता धुरावर खटला भरणार का? आकडे चांगले येताहेत, येऊ दे की!" दुसऱ्या दिवशी संगणकातील तक्त्यातून मी घातलेला 'धूर' हा रकाना नाहीसा झाला होता. तेव्हापासून मी नोंदी शाईने करते व वही घरी नेते.

४. परवा शनिवारी, धूर नसताना, मी एकटीने मोजले. संकेत फार लहान आला. पण पेशींना उत्तेजित केल्यावर प्रत्येक वेळी आला, आणि पेशी नसलेल्या बशीत एकदाही आला नाही.

तरी दोन आठवडे आमच्या खोलीत धूर बंद ठेवून मोजणी करू द्यावी. आपांवर कारवाई करू नये. त्यांनी काहीही लपवलेले नाही. मुदत देणे अशक्य असल्यास माझ्या सहीने शनिवारचा लहान आकडा पाठवावा. मोठे आकडे ज्यांना हवे असतील, त्यांनी ते आपल्या सहीने पाठवावेत.

उत्तर कृपया लेखी द्यावे.

आपली नम्र,
झाउरेश तोलेगेनकिझी
दि. २६ फेब्रुवारी

सोबत : शनिवारचा आलेख, वहीतील अकरा पानांची प्रत (मूळ वही माझ्याकडे आहे).