येम्मापाशी कोण राहणार

ब्लिदा, ६ एप्रिल १९८७

ती. मोक्रानदादास,
ताओसचा सलाम, वि. वि.

बाबा गेल्यानंतरचे चाळीस दिवस करून परतले त्याला आठवडा झाला. मी ठीक आहे. म्हणजे वर्गात बसते, उतरवून घेते, जेवते. परवा आमच्या गटाने बनवलेल्या विमानाच्या पंखावर वाळूच्या पिशव्या रचून तो किती भार पेलतो ते पाहिलं. माझ्या गणितात जो आकडा आला होता, बरोबर त्यालाच पंख मोडला. मुलं टाळ्या पिटत नाचली. सर म्हणाले, ताओस, जरा हस की. मला हसू आलं नाही. वाईटही वाटलं नाही. वहीत आकडा लिहिला.

दादा, बाबांच्या मागे येम्माला एकटं ठेवता येणार नाही, आणि मार्सेयच्या गोदीतली नोकरी तुझ्यासाठी याच महिन्यापर्यंत थांबणार. मी कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहिलाय, पुढच्या सोमवारी देते. तू फ्रान्सला जा. येम्माला यातलं काही सांगू नकोस.

माया आहे तशीच असू दे.
तुझी ताओस


बेजाया, ११ एप्रिल

चि. ताओस हिस अनेक आशीर्वाद.

शहाणे, अर्ज देऊ नकोस. बाबांच्या जागी बोटींची इंजिनं मी दुरुस्त करतोय, चाललंय. पोर विमानं बनवणार म्हणून बाबा बंदरभर सांगायचे. कुणी हसलं तर पाना घेऊन अंगावर जायचे. इथे येऊन तू काय करणार, अंजिरं वाळवणार? तुझ्या कुसकुसची तर लापशी होते. एकच वर्ष राहिलंय. मार्सेयला मी नकार कळवतो.

मयताला तू रडली नाहीस म्हणून आत्या बोलली, ते मनावर घेऊ नकोस.

एक घोळ झालाय. तुझं पत्र घरी विसरलो आणि येम्माने ते शेजारच्या जेदजिगाबाईंकडून वाचून घेतलं. कालपासून माझ्याशी बोलत नाही.

तब्येत सांभाळ, लिहीत जा.
तुझा दादा


बेजाया, २३ एप्रिल

माझ्या लेकी,
तुला उदंड आयुष्य. जेदजिगाबाई लिहून देताहेत.

तुम्ही दोघांनी पत्रांतून माझी वाटणी केलीत, मला विचारलं नाही. मग मीच ठरवलं. मोक्रान काल बोटीने गेला. ऐकत नव्हता, म्हटलं, तू जाईपर्यंत चूल पेटणार नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली त्याने.

धक्क्यावर मी हात हलवला. डोळ्यांत काही आलं नाही. तुझी आत्या म्हणाली, दगड आहेस. असेन. मयताच्या दिवशी तू रडली नाहीस तेव्हा मला बरंच वाटलं होतं. घरात अशी मी एकटीच नाही, म्हणून.

आता मी तुझ्याकडे येते. कोंबड्या जेदजिगाबाईंना दिल्या. वसतिगृह सोड, खोली बघ. खिडकी नसली तरी चालेल, चूल हवी. तू तुझे पंख मोड, मी भाकरी भाजीन. अर्ज देऊन बसली असशील तर कचेरीतून परत घे. सांग, आई येतेय.

बुधवारी दुपारच्या बसने पोचते. लोभाचं समोरासमोर बोलू. मला पाट्या वाचता येत नाहीत, तेव्हा स्टँडवर मला दिसशील अशी उभी राहा.

तुझी येम्मा