निळा पासपोर्ट

गुरुवार, १२ ऑक्टोबर २००६, स्टेट कॉलेज, अमेरिका

डोकं फिरलंय. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये ग्वाटेमालाहून आलेल्या मार्ताबाईंना ऐकायला गेले होते. त्यांच्या गावाला खाण नको आहे, म्हणून धमक्या येतात. इथून व्हॉलंटियर जाऊन त्यांच्या घरात राहतात. काम काय, तर नुसती सोबत करायची. अमेरिकन माणूस दिसला की मारणारे बिचकतात म्हणे. यांचा निळा पासपोर्ट म्हणजे जणू अंगारा!

मी हात वर केला. म्हटलं, उन्हाळ्यात मी येते. तर ती आयोजक लिंडा, काय ते गोड हसू, म्हणाली, "किती चांगली आहेस गं तू! पण तुझा पासपोर्ट इंडियन ना, त्याचा तिथे उपयोग नाही." म्हणजे मी मेले तर कोणी विचारणार नाही, असंच ना? वर हातात कुकी ठेवली. कुकी! माझाही पासपोर्ट निळाच आहे, बाई. चांगुलपणालासुद्धा यांचा व्हिसा लागतो.

हे मी तिथेच, चांगलं मोठ्याने बोलले. दुभाष्या मुलीने ते मार्ताबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या गावात कोणाकडे पासपोर्टच नाही. तरी आम्ही तिथेच राहतो. तू ये, माझ्या घरी राहा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. निळा पासपोर्ट, निळा पासपोर्ट करत होते ना मी? मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "माझी बस चुकेल."

सात वाजले होते. बस अकरापर्यंत असते.