उजव्या हाताचं अक्षर

१२ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय दादा,

सा. न. इकडे आम्ही मजेत, वहिनीची पाठ आता कशी आहे?

फोन असताना पत्र कसलं, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आधी दुकानाची बातमी. नाट्यगृहाच्या पडद्यांचं काम आपल्यालाच मिळालं. जाड लाल मखमल, ताग्यावर तागा, आणि काल सगळी मीच कापली. शिलाईवाली मैत्रीण म्हणाली, "अगं दम खा जरा, कापड काही पळून जात नाहीये." पण मला कुठला दम. माझी लगबग बघून तुझे मेहुणे गिऱ्हाइकांसमोर कसनुसं हसतायत.

आता खरं सांगते. मखमल बघायला शहरात जाते म्हणाले होते, ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. तिथल्या मोठ्या इस्पितळात माझ्या हातातल्यासारख्या गाठींची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. तू करून घेतलेले माझे सगळे रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे गेले, तुला न विचारता. रागाव हवं तर, पण पुढे वाच.

दादा, माझा हात राहणार आहे.

कॅन्सर आहेच, निदान तुझंच बरोबर. पण कोपराखालून हात काढायची गरज त्यांना वाटत नाही. आधी रेडिएशन, मग फक्त गाठ काढायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुबळं होईल, आणि आत काही वेगळं दिसलं तर पुन्हा विचार करावा लागेल, हेही त्यांनी लपवलं नाही. पण कात्री चालेल म्हणाल्या. मी तिथेच रडले आणि लगेच हसले. शेजारची पेशंट घाबरून सरकून बसली.

त्या म्हणाल्या, "भावानं वेळेत ओळखलं, म्हणून मी हात वाचवायचं बोलू शकते." मी विचारलं, मग त्यानं हात काढायला का सांगितलं? रिपोर्ट मिटत त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांना ताप आला तरी मी दुसऱ्या डॉक्टरला बोलावते. घरच्या माणसासमोर मला फक्त वाईटच सुचतं."

एक घाव दोन तुकडे हा तुझा लहानपणापासूनचा खाक्या, म्हणून मला वाटलं, तू नेहमीसारखा निर्णय देऊन मोकळा झालास. तुझ्यावर फार चिडले होते. त्यात तू डावखुरी कात्री पाठवलीस. चिठ्ठी नाही, काही नाही. ती मी ड्रॉवरमध्ये आदळली आणि त्याच संध्याकाळी शहराचं तिकीट काढलं.

येताना गाडीत एकेक आठवत गेलं. तुझ्या केबिनमध्ये तू मला एकदाही टिंगे म्हणाला नाहीस. "पेशंटनं ठरवायचं असतं," म्हणालास, खिडकीकडे बघून. आणि ती कात्री आपल्याकडे मिळत नाही रे, मी धंद्यातली बाई आहे, मला ठाऊक आहे. किती दुकानं पालथी घातलीस? तू घाबरला होतास, दादा. माझ्यापेक्षा जास्त. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

रेडिएशन सोमवारी सुरू होतंय. मग ऑपरेशन, आणि ते मी त्यांच्याकडेच करणार. तू डॉक्टर म्हणून आत यायचं नाहीस, सल्ले द्यायचे नाहीस, नर्सवर खेकसायचं नाहीस. इतर पेशंटचे भाऊ बसतात तसं बाहेर बाकावर बसायचं आणि घाबरायचं. हवं तेवढं घाबर, तिथे तुला कुणी काही विचारणार नाही. शुद्धीवर आल्यावर मला तू समोर हवा आहेस, एवढंच.

आत काय दिसेल या भीतीनं माझीही झोप उडाली आहे, पण आनंद तिच्यापेक्षा मोठा आहे.

कात्री ठेवून घेतली आहे, परत मागू नकोस. आणि अक्षर नीट बघ, उजव्या हाताचं आहे.

पेशंट नव्हे, तुझी,
टिंगी