चैतीच्या हातची आंबील

मी, गुलाम वल्द नूरमहंमद, धंदा डॉक्टरी, राहणार जव्हार, पुऱ्या होशात आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. अंगात ताप आहे. मुदतीच्या तापात, म्हणजे टायफॉइडात, माणूस बरळू लागतो, हे मी पुष्कळांच्या उशाशी बसून पाहिले आहे. माझे अजून सुरू झालेले नाही. अक्षर बिघडलेले दिसेल तिथून पुढचे रद्द समजावे.

कलम पहिले. राहते घर, दवाखाना आणि शिल्लक आमच्या शरीयतीच्या हिश्श्यांनी पत्नी शहरबानो आणि धाकटा भाऊ सत्तार यांस मिळावी. मूलबाळ नाही. सत्तारने वहिनीशी हुज्जत घालू नये. माझी शिसवी काठी त्यालाच द्यावी, ती आपटल्याशिवाय त्याचे बोलणे पुरे होत नाही.

कलम दुसरे. खोडाळ्याचे दोन खोल्यांचे घर आणि मागचे परडे चैतीस द्यावे. वारसाबाहेर एक-तृतीयांश देण्याचा मला हक्क आहे आणि हे घर त्यात बसते. सत्तार म्हणेल, तापात डोके फिरले. म्हणून कारण लिहितो.

चैती ही सूर्यमाळच्या एका पाड्यावरची विधवा. मागे तिला हाच ताप आला होता, त्यातून ती उठली. पुढे ती जिथे रांधायला गेली त्या घरांत ताप निघू लागला. पाड्याने तिला नजरेने माणसे खाणारी भुताळी ठरवले आणि दगड उचलले. मला संताप आला. गेल्या महिन्यात सर्वांदेखत मी तिच्या हातची आंबील प्यालो आणि म्हणालो, "बघा, मला काही होतं का." या तापाची मुंबईची लस टोचून घेतली होती, त्या भरवशावर हा ताठा.

आता मी गेलो तर पाडा म्हणेल, हिने डॉक्टरही खाल्ला. मग तिला जिती ठेवणार नाहीत. मला मरणाची नाही, याची धास्ती आहे.

कलम तिसरे. माझ्या आजाराचे कारण असे. या तापाच्या जंतूच्या अंगावर एक पातळ आवरण असते. विलायतेच्या मासिकांत दोन-तीन वर्षांपासून त्याची चर्चा आहे. आवरण असलेला जंतू जास्त मारक, कारण रक्ताला तो ओळखूच येत नाही. लशीतले जंतू कडक तापवून मारलेले होते, त्यात आवरण गेले. माझे रक्त उघडा जंतू ओळखायला शिकले, अंगरख्यातला नाही. ताप चढल्यावर मी चैतीचे रक्त तपासले. तिच्या रक्ताचे पाणी आवरणवाल्या जंतूंत घालताच त्यांच्या गुठळ्या झाल्या. असे रक्त बहुधा जंतू अंगात टिकून राहिलेल्यांचेच असते. म्हणजे ते तिच्या पित्ताशयात आजही राहतात, आणि तिला ठाऊकही नाही. आंबील शिजते खरी, पण निवल्यावर हाताने कालवून पाणी घालतात. शौचावाटे हाताला लागलेला जंतू तिथे शिरतो. तिच्या नजरेत काही नाही.

म्हणून घराला अट आहे. चैतीने फक्त आपल्यापुरते रांधावे, शौचास पाणवठ्यापासून लांब बसावे, हात साबणाने धुवावेत. दवाखान्याच्या कपाटातल्या काचनळ्यांत जिवंत जंतू आहेत. त्या कोणी उघडू नयेत, तशाच उकळून पुराव्यात.

शहरबानो म्हणते, "आधी दवा घ्या, मग लिहा." थोडेच राहिले आहे.

कलम चौथे. साक्षीला मी त्याच पाड्याचा भगत ढवळू याला मुद्दाम बोलावले. चैती भुताळी असल्याचा कौल त्यानेच दिला होता. वरचे सगळे त्याला वाचून दाखवले आणि सांगितले, "मी शुद्धीवर आहे, माझ्या अंगात कोणाची बाधा नाही, याला तुझा अंगठा हवा." बाधा तपासतात तसे त्याने माझे डोळे पाहिले. मग म्हणाला, "डागतर, म्या आंगठा देल, तं मंग तिला भुताळी कसा म्हनू?"

मी म्हणालो, "म्हणता येणार नाही. त्यासाठीच तुला बोलावलं."

तो उठून ओट्यावर गेला. पाड्यावर धोका म्हणून चैतीला मी तिथे आणून ठेवले होते. त्याने तिचेही डोळे तसेच पाहिले, परत आला आणि शाई मागितली.

मुक्काम जव्हार, मे १९३७.

सही: गुलाम नूरमहंमद

साक्षीदार:
सत्तार नूरमहंमद. घराची अट मान्य. काठी नको, भाऊ हवा.
ढवळू भगत, सूर्यमाळ, याची निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्याने सांगितले ते लिहिले: "डागतर शुदीत हाय. याला कोनी खाल्ला नाय."